फुटक्या डोळ्यांची टोपली

१

आत्याचं खरं नाव तिच्या सख्ख्या भावालाही पटकन आठवायचं नाही. सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची. सकाळी पाव टाकणारा म्हाताराही म्हणायचा, आणि तो तिच्याहून चांगला दहा वर्षांनी मोठा होता. "आजोबा, लाज वाटते का जरा?" असं ती त्याला रोज विचारायची आणि तो रोज "नाही आत्या" म्हणून सायकलवर टांग टाकायचा.

घराच्या मागे पत्र्याची लांबट शेड होती. स्वयंपाकघरातून एक दार शेडमध्ये उघडायचं आणि शेडच्या पार दुसऱ्या टोकाला मागचं दार होतं. मधे दोन्ही हातांना पिंजरे. तीस वर्षं आत्याने तिथे ससे वाढवले होते, पांढरेशुभ्र आणि निळ्या डोळ्यांचे. पांढरा ससा म्हटलं की लोकांना लाल डोळेच आठवतात, आणि कोणी तसं बोललं की आत्याचा पारा चढायचा. "त्या लाल डोळ्यांत रंगच नसतो, दिसतं ते आतलं रक्त. माझ्या सशांच्या डोळ्यांत रंग आहे, आणि तो मी तीस वर्षं राखलाय."

राखायचा म्हणजे कसा? तर सशाची पिल्लं जन्मतात ती उघडीवाघडी, गुलाबी आणि मिटल्या डोळ्यांची. दहाव्या दिवशी डोळे उघडतात. त्या दिवशी सकाळी आत्या निळा एप्रन चढवायची, खुर्ची ओढून बसायची आणि एकेक पिल्लू तळहातावर घ्यायची. तर्जनीने त्याची हनुवटी वर करायची, पेनाएवढ्या टॉर्चने डोळ्यांत बघायची आणि मोठ्याने हाक द्यायची, "निळा. ठेव." पुढचं पिल्लू. "निळा. ठेव." एखाद्याच्या निळ्या बुबुळात तपकिरी तुकडा निघायचा, नाहीतर तपकिरीत निळा. या धंद्यात त्याला फुटका डोळा म्हणतात. त्याने सशाला कमी दिसतं असं नाही, पण प्रदर्शनातला परीक्षक असा ससा हातात धरत नाही आणि जात राखणारा माणूस त्याची वीण पुढे नेत नाही. मग हाक यायची, "फुटका. बाजूला."

ही हाक तिला तिच्या वडिलांनी शिकवली होती. मनातल्या मनात ठरवलं की माया आड येते, म्हणायचे, तेव्हा बोलून टाकायचं. आणि एकदा बोललेली हाक फिरवायची नाही.

बाजूला काढलेली पिल्लं मागच्या दाराशी वेताच्या टोपलीत जायची. ती बाटलीने वाढवून घरोघरी पाळायला द्यायला पाळीव प्राण्यांच्या दुकानाचा पिंजरेवाला घेऊन जायचा. संध्याकाळी टोपली भरून ठेवायची, सकाळी ती धुऊन पालथी घातलेली असायची. माणूस टापटिपीचा आहे, एवढंच आत्या म्हणायची. त्यापलीकडे तिने कधी चौकशी केली नाही.

त्या दिवशी सात पिल्लं होती आणि सातही निळी निघाली. आत्या अशी खूश होती की नुसतं बघत राहावं. शेजारी तिची भाची हनुवटी वर करून उभी राहिली. सहा वर्षांची पोरगी, धाकट्या भावाची. डाव्या तपकिरी डोळ्यात, घड्याळात पाच वाजतात ना, नेमका तिथे, एक निळा ठिपका, म्हणून तिला सगळे ठिपकी म्हणायचे.

"आता माझा नंबर!" ठिपकी म्हणाली.

आत्याने तर्जनीने तिची हनुवटी उचलली, टॉर्च मारला आणि त्याच ठसक्यात म्हणाली, "तपकिरी... थांब थांब, अगं बाई, हा तर फुटका! बाजूला!"

ठिपकी खिदळत पळाली आणि मागच्या दाराशी रिकाम्या टोपलीत पाय दुमडून बसली. आत्या हसून हसून डोळे पुसत राहिली.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली जागेवर नव्हती. शेडच्या या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराला चिकटून होती, आणि पालथी नाही, सुलटी.

"अगं, टोपली इथे तू आणलीस?" आत्याने भावजयीला विचारलं.

"मी कशाला मरायला जाऊ त्या शेडमध्ये?" भावजय कणीक मळता मळता म्हणाली. "मला शिंका येतात ताई, तुम्हाला माहितीये. आणि तुमचा भाऊ गेलाय ट्रक घेऊन, तो महिनाभर उगवत नाही. तुम्हीच आणली असेल आणि विसरला असाल."

वयाचा दाखला कोणी दिला की आत्याला आवडायचं नाही. ती पाय आपटत टोपली जागेवर ठेवून आली आणि पिल्लांकडे वळली. रात्री एक मादी व्याली होती. घरट्याच्या पेटीत तिने स्वतःच्या अंगाची लव उपटून अंथरली होती आणि तिच्याखाली सहा गुलाबी जीव वळवळत होते. आत्याने लव बाजूला सारून मोजले आणि हात तसाच थांबला.

सहातल्या एकाचा डावा डोळा उघडा होता.

तिने चष्मा पुसला. रानसशाची पिल्लं उघड्या डोळ्यांनी जन्मतात, अंगावर केस घेऊन, जन्मल्या दिवशी पळायला तयार. पण तो प्राणीच निराळा, त्याचा आणि पाळीव सशाचा संकर होत नाही. पाळीव सशाचं पिल्लू पहिल्या दिवशी बघत नाही म्हणजे नाही. डोळ्यात पू झाला तर पापणी लवकर सुटते, तसंच काही असणार, असं तिने स्वतःला सांगितलं. पू नव्हता. डोळा स्वच्छ होता, ओलसर होता आणि आत्याच्या बोटामागे फिरत होता.

टॉर्च मारला तर बुबुळ तपकिरी. त्यात निळा ठिपका, पाचवर.

आत्याने पेटीचं झाकण लावलं. ती अशी बाई होती की घाबरली की आधी चिडायची. "नसते चाळे," ती पिल्लाला म्हणाली आणि पेटीवरच्या नोंदीच्या कार्डावर काहीच न लिहिता बाहेर आली.

३

पिल्लं जन्मल्याच्या तिसऱ्या दिवशी न्याहारीला ठिपकी उजवा डोळा हाताने झाकून बसली होती. दुधाचा कप समोर, पण तिचा हात दुसरीकडेच चाचपडत होता.

"नाटकं बंद कर," आई म्हणाली. "दूध पी."

"या डोळ्याने कप दिसतच नाही," ठिपकी म्हणाली. "या डोळ्याने पांढरं पांढरं दिसतं. कापसासारखं. आणि कोणीतरी माझ्या अंगावर झोपलंय."

भावजय हसली. आत्या हसली नाही. ती उठली, शेडमध्ये गेली आणि स्वयंपाकघराचं दार मागे लोटून घेतलं. पेटी उघडली. उघडा डोळा तिची वाटच बघत असल्यासारखा होता. तिने त्याच्यासमोर तीन बोटं धरली.

"तीन!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "आत्याने तीन बोटं केली!"

आत्याने दाराकडे बघितलं. फट नव्हती, खिडकी त्या भिंतीला नव्हतीच. पोरीने अंदाज मारला असेल. तीन काय, कोणीही तीनच म्हणतं. तिने खिशात हात घालून जे लागलं ते बाहेर काढलं. सर्दीच्या गोळ्यांची पट्टी होती, दोन गोळ्या संपलेल्या.

"गोळ्यांचं पाकीट," आतून ठिपकी म्हणाली. "दोन खड्डे रिकामे आहेत. आई, आत्याची नखं केवढी मोठी आहेत!"

मग भावजयीच्या हातून काहीतरी खाली पडून फुटल्याचा आवाज आला.

ती शिंकत शिंकत शेडमध्ये आली, पेटीत बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. एरवी गरीब गाय, पण त्या क्षणी तिने आत्याचा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशीही वळ दिसत होते. "मारून टाका ते. ताई, तुम्हाला जमत नसेल तर मी मारते."

"आणि त्याच्याबरोबर तिचा डोळा गेला तर?" आत्या म्हणाली.

भावजयीने दंड सोडला. आत्याने पेटीवर नुसतं एक फडकं टाकून बघितलं, तर आत पोरगी किंचाळली, "अंधार झाला! आई, अंधार झाला!" फडकं लगेच काढलं. त्यानंतर दोघींपैकी कोणीच मारायचं नाव काढलं नाही.

४

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी थेंब घातले, यंत्राला हनुवटी टेकवून बघितलं, पुन्हा बघितलं.

"डोळा उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पडदा चांगला, बाहुली उजेडाला आकसते. पण या डोळ्याने ती समोरचं एक अक्षर वाचत नाही." त्यांनी दिवा डाव्या डोळ्यासमोर धरला. "बाळ, काय दिसतंय?"

"तिचं पोट," ठिपकी म्हणाली. "पांढरं. आणि खूप पाय."

डॉक्टरीणबाईंनी दिवा विझवला. लहान मुलं काहीबाही सांगतात, असं त्या म्हणाल्या, पण म्हणताना त्यांनी आत्याकडे बघायचं टाळलं. मग कागदावर लिहिता लिहिता मात्र स्पष्ट बोलल्या. या वयात डोळा फार दिवस बघेनासा झाला तर मेंदू त्याचं ऐकणं सोडून देतो. मग डोळा असून नसल्यासारखा. "आणि उजव्याकडे लक्ष ठेवा," त्या म्हणाल्या. "तो मगाशी मधेच दोन-तीन सेकंद कुठेतरी हरवला."

घरी येऊन आत्या तडक पेटीशी गेली. पिल्लाचा उजवा डोळा किलकिला झाला होता, सुतळी जाईल एवढा.

त्या दुपारी तिने पिंजरेवाल्याला फोन लावला. का लावला, हे तिला नीट सांगता आलं नसतं. ती पालथी घातलेली टोपली सारखी डोळ्यांसमोर येत होती.

"आत्या! किती वर्षांनी आठवण काढलीत!" पिंजरेवाला म्हणाला.

"किती वर्षांनी म्हणजे? गेल्या महिन्यात चार पिल्लं नेलीस ना माझ्याकडून?"

"आत्या, मी दुकान बंद करून नऊ वर्षं झाली. तेव्हाच तुम्हाला सांगायला आलो होतो. तुम्ही हाका देत होतात, म्हणून दारातूनच ओरडून सांगितलं. तुम्ही मान हलवलीत की."

हाका देताना आत्याला दुसरं काही ऐकू यायचं नाही, हे खरंच होतं. तिने फोन ठेवला आणि नऊ वर्षांच्या टोपल्या आठवत बसली. कधी दोन पिल्लं, कधी पाच. आणि दर वेळी सकाळी धुतलेली टोपली. फक्त या खेपेला सातही निळी निघाली होती आणि टोपलीत तिने पिल्लू ठेवलंच नव्हतं. त्या दिवशी तिने एकीलाच बाजूला काढलं होतं.

५

आठव्या दिवसापर्यंत ठिपकी दोन्ही डोळ्यांनी जास्त वेळ पेटीत असायला लागली आणि कमी वेळ घरात. मधेच ती परत यायची, आईचा चेहरा हाताने चाचपायची आणि म्हणायची, "आहेस ना?" भावजय तेवढ्यापुरती हसायची आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायची.

नवव्या दिवशी भर दुपारी ती आत्याला हाक मारत आली. "ताई, ही इथे तुम्ही ठेवलीत?"

ठिपकीच्या पलंगाशी टोपली होती. आत मऊ लव अंथरलेली होती, मूठमूठ, मादी पिल्लांसाठी अंथरते तशीच. मधे खोलगट जागा केली होती. ती जागा पिल्लाच्या मापाची नव्हती. सहा वर्षांच्या मुलीने पाय दुमडून बसावं, एवढी होती.

आत्या शेडमध्ये गेली आणि एकेक मादी तपासली. एकीचीही लव नव्याने उपटलेली नव्हती.

"आपण निघून जाऊ," भावजय म्हणाली. "माझ्या आईकडे जाऊ. आत्ताच्या आत्ता."

"निघून जायचं आणि तिचे डोळे इथे सोडायचे?" आत्या म्हणाली. ती टोपलीकडे बघत होती, आणि भावजयीने नंतर सांगितलं की ताईंच्या चेहऱ्यावर भीती अशी नव्हतीच. नळावर भांडताना त्यांचा जो चेहरा व्हायचा ना, अगदी तो होता. "हे बघ, हाक मी दिली. माझ्या शेडमध्ये, माझ्या तोंडाने. कोणीतरी ती खरी धरली. बरं, धरली तर धरली. उद्या दहावा दिवस आहे. मी फिरवते ती."

"पण हाक फिरवायची नाही म्हणता ना तुम्ही?"

"मी नाही, बाबा म्हणायचे. बाबांना विचारायला जायला मला वेळ नाहीये."

तिने टोपली उचलली आणि लवेसकट मागच्या दाराशी नेऊन आदळली.

६

दहाव्या दिवशी सकाळी आत्याने एप्रन चढवला. स्वयंपाकघराचं दार बंद करायला लावलं. ठिपकीला मांडीवर घट्ट धरून आतच बसायचं, काही ऐकू आलं तरी यायचं नाही, असं भावजयीला बजावलं. मग खुर्ची ओढली आणि मागच्या दाराकडे पाठ करून बसली.

बाहेर लख्ख ऊन होतं. पत्रा तापून तडतडत होता. एरवी या वेळेला ससे गवत चावतात, पाणी पितात, पिंजऱ्यात धावतात. त्या सकाळी एकही हलत नव्हता. मग एका मादीने मागचा पाय जमिनीवर आपटला, धोका दिसला की आपटतात तसा. दुसरीने आपटला. रांग संपेपर्यंत ते आपटणं गेलं आणि थांबलं.

आत्याने पेटी उघडली. सहाही पिल्लांचे डोळे उघडे होते. सहाही तपकिरी, सहाही डावे निळ्या ठिपक्याचे, पाचवर.

तिने पहिलं पिल्लू उचललं. हनुवटी वर केली. "फुटका," ती मोठ्याने म्हणाली. "ठेव."

मागे मागच्या दाराची कडी वाजली. आत्याने ती स्वतः लावली होती.

"फुटका. ठेव." दुसरं. "फुटका. ठेव." तिसरं. पायांचा आवाज येत नव्हता. फक्त वेत करकरला, कोणीतरी टोपली उचलून हातावर घेतल्यासारखा. वळून बघावंसं इतकं वाटत होतं की मान दुखायला लागली, पण ती वळली नाही. हाक देताना वळायचं नसतं. सहावं पिल्लू ते होतं, पहिल्या दिवसापासून बघणारं. तिने त्याला छातीशी धरलं.

"आणि ठिपकी," ती म्हणाली. आवाज फाटला, तेव्हा तिने पुन्हा म्हटलं, नीट. "माझी ठिपकी. फुटका डोळा. ठेव. मी चेष्टा केली होती, समजलं? चेष्टा करायचा मला हक्क आहे, माझी भाची आहे ती. न्यायचा तुला हक्क नाही."

मग आत्याच्या हनुवटीखाली एक बोट आलं.

कोरडं होतं आणि थंड होतं. त्याने तिची हनुवटी वर केली, हलक्या हाताने, अगदी तिच्याच पद्धतीने. समोर तर कोणीच नव्हतं. समोर पिंजरे होते, ऊन होतं आणि पाण्याची बादली. पण तिच्या डाव्या डोळ्यात उजेड घुसला आणि तो डोळा शेडमधून निघून गेला.

त्या डोळ्याने तिला पांढरी लव दिसली, पेटीची फळी दिसली, आणि खूप वर, खुर्चीत बसलेली एक बाई. एप्रन घातलेली, तोंड वर उचललेलं. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला मागचंही दिसतं. तिलाही दिसलं. बाईच्या खांद्यावरून कोणीतरी वाकलं होतं. तसाच निळा एप्रन. कोपरात टोपली अडकवलेली. एप्रनच्या वर जे होतं ते तिने बघितलं नाही, म्हणजे सगळं नाही. एका बाजूला एक डोळा बघितला, मधाच्या रंगाचा, रानसशाचा असतो तसा. तो तिला जोखत होता. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागला होता, आणि त्या मधाच्या रंगाच्या डोळ्याने तो बरोबर हेरला.

त्याने तोंड उघडलं, हाक द्यायला.

काय हाक येणार हे आत्याला ठाऊक होतं. नऊ वर्षं तिने तीच तर शिकवली होती.

"ठेव!" आत्या त्याच्या आधी ओरडली. पत्रा दणाणला. "मला पण ठेव! इथे हाक मी देते! ठेव, ठेव, ठेव!"

बोट हनुवटीखालून निघालं. वेत करकरला, लांब लांब जात करकरला, आणि मागचं दार वाजलं.

स्वयंपाकघरातून ठिपकीचा आवाज आला. "कप! आई, कप दिसतोय! त्याच्यावरचं फूल पण दिसतंय!" मग भावजयीचं रडणं ऐकू आलं, आणि या वेळी तिने नळ सोडला नव्हता. आत्या तशीच खुर्चीत बसून राहिली, पिल्लू छातीशी धरून, आणि तीही रडली.

टोपली दाराबाहेर उन्हात पडली होती, रिकामी. आत्याने ती पायाने मोडली, वेत न् वेत वेगळा केला आणि तिथेच पेटवून दिली.

७

आत्याचा डावा डोळा परत आला नाही. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सांगितलं की डोळा उत्तम आहे. "असणारच," आत्या म्हणाली, "नुसता कामावर गेलाय."

शेडमध्ये आता फुटक्या डोळ्यांचे ससे भरलेत. ती सहा वाढली, त्यांना पिल्लं झाली, आणि कोणीही बाजूला निघालं नाही. प्रदर्शनवाल्यांनी नाकं मुरडली. तीस वर्षांची जात मातीत घातलीत, असं एका परीक्षकाने तोंडावर ऐकवलं. आत्याने त्याला चहा पाजला आणि कुठल्या खड्ड्यात जायचं तेही सांगितलं. खुर्ची मात्र तिने हलवली नाही. मागच्या दाराकडे पाठ करूनच बसते. ज्या पिंजऱ्याकडे मन लावेल त्यातल्या सशाच्या नजरेने तिला स्वतःची पाठ दिसते, पाठीमागचं दारही दिसतं, आणि दहाव्या दिवशी ते किती उघडतं तेही दिसतं.

कारण ते एप्रनवालं अजून येतं. टोपली नाही तरी येतं, दारात उभं राहतं, ऐकतं. "सगळे ठेव," आत्या न वळता सांगते. मग जातं.

मागच्या दहाव्या दिवशी आत्याचा घसा बसला होता. सर्दी, दुसरं काही नाही. सकाळपासून शब्द फुटत नव्हता. हाका उद्यावर ढकलू, असं तिने खुणेने सांगितलं, पण पिल्लांचे डोळे उघडले होते आणि दार सुद्धा. ठिपकी तिच्या गुडघ्याशी उभी होती. डाव्या डोळ्याने, चौथ्या पिंजऱ्यातून, आत्याला दिसलं की एप्रन दारातून आत आला. आला आणि थांबला नाही. खुर्चीला वळसा घालून तो ठिपकीवर वाकला. पोरीची हनुवटी हळूच वर गेली, आणि आत्याच्या उजव्या डोळ्याला तिच्या समोर कोणीच दिसत नव्हतं.

आत्याने तोंड उघडलं. नुसती हवा आली. तिने ठिपकीला ओढायला हात पुढे केला, आणि वर त्याचं तोंड उघडताना तिला दिसलं.

"ठेव!" ठिपकी म्हणाली.

स्वच्छ, ठणठणीत, आत्याच्याच ठसक्यात. हनुवटी तशीच वर ठेवून तिने दोन्ही हात कमरेवर घेतले. "मला ठेव, आत्याला ठेव, सगळ्यांना ठेव. आणि टोपली पण नाहीये आता. जा तसाच!"

एप्रन मागे सरला. एक पाऊल, मग दुसरं, मग भराभर. मागचं दार आपटलं तसा एक ससा गवत चावायला लागला, मग दुसरा.

आत्याने ठिपकीला घट्ट धरलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण घशातून घरघरच आली. ठिपकी तिच्या मिठीतून सुटली, स्टूल ओढत मागच्या दारापर्यंत गेली, त्यावर चढली आणि कडी लावून आली.